मुखवट्याला साक्षीदार लागतात

आजच्या व्याख्यानाचं जाहीर झालेलं नाव मोठं आहे: जगभरातले मुखवटे आणि त्यांतल्या श्रद्धा. जग काही तासाभरात आटपत नाही. शिवाय मुखवट्यांवरची बहुतेक व्याख्यानं कशी होतात ते तुम्ही पाहिलं असेल. आफ्रिकेतला एक, जपानमधला एक, बालीचा एक, मग आपल्याकडचा एक, आणि शेवटी ‘माणूस सगळीकडे सारखाच’. तेवढ्यासाठी इतका प्रवास कशाला, असं आम्हाला नेहमी वाटत आलंय. म्हणून आज एकच किनारा घेणार आहोत, एक पुस्तक घेणार आहोत आणि एक जप्ती.

त्याआधी आपल्या शब्दाबद्दल थोडं. मराठीत ‘मुखवटा’ हा शब्द दोन अगदी वेगळ्या घरांत राहतो. वर्तमानपत्रात तो ढोंग्याच्या तोंडावर असतो. ‘मुखवटा गळून पडला’ हे वाक्य छापल्याशिवाय आपली एकही निवडणूक पार पडत नाही. आणि भाद्रपदात तोच शब्द माजघरात येतो. ज्येष्ठा गौरींचे मुखवटे डब्यातून निघतात, पुसले जातात, उंबरठ्यापासून पावलं काढत आत आणले जातात, आणि घरातले म्हणतात, ‘गौरी आल्या.’ ‘गौरींचे मुखवटे आले’ असं कुणी म्हणत नाही. पहिल्या अर्थात मुखवट्याच्या मागे काहीतरी दडलेलं असतं आणि ते शोधायचं असतं. दुसऱ्या अर्थात मागे शोधण्यासारखं काही नसतंच. जे यायचं ते समोर आलेलं असतं, आणि त्याला घरातली माणसं लागतात, हळदीकुंकवाला येणाऱ्या बायका लागतात, नैवेद्य लागतो.

अडचण अशी की दुसऱ्यांचे मुखवटे पाहायला गेलो की आपण पहिला अर्थ खिशात घालून जातो. ‘या मुखवट्यामागे कोणती श्रद्धा आहे?’ असं विचारतो. त्यातला ‘मागे’ हा शब्दच घात करतो.

आता किनारा. कॅनडाच्या पश्चिम टोकाला, ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, व्हँकुव्हर बेटाचा उत्तर भाग आणि त्याच्या समोरची मुख्य भूमी. पाऊस भरपूर, जंगल दाट, समुद्रात सामन मासा. इथे क्वाक्वाला भाषा बोलणारे लोक राहतात. ते स्वतःला क्वाक्वाक्यवाक्व म्हणवतात, म्हणजे क्वाक्वाला बोलणारे. जुन्या मानववंशशास्त्राच्या पुस्तकांत त्यांचं नाव क्वाकिउट्ल असं सापडेल. सीडर नावाच्या झाडाच्या लाकडातून ते मुखवटे कोरतात, आणि ते नुसते तोंडावर बांधायचे नसतात. ते हलतात. दोऱ्या ओढल्या की चोच उघडते, मिटते, खटखट वाजते. काही मुखवटे तर मधोमध फाकतात. बंद असताना कावळ्याचं डोकं दिसतं. नाचणारा दोरी ओढतो, डोकं दोन बाजूंना उघडतं आणि आत माणसाचा चेहरा असतो.

हे यांत्रिक कौतुक म्हणून छान आहेच. पण त्यातलं सांगणं काय आहे ते पाहा. या लोकांची जी घराणी आहेत, त्यांना ते नमीमा म्हणतात, त्या प्रत्येकाची एक मूळकथा आहे. अमुक किनाऱ्यावर आमचा पूर्वज उतरला, तेव्हा तो पक्ष्याच्या रूपात होता. त्याने आपला पिसांचा वेष आणि मुखवटा उतरवला आणि तो माणूस झाला. तिथेच आमचं घर उभं राहिलं. म्हणजे या समजुतीत मुखवटा आधी पूर्वजाच्या तोंडावर होता आणि माणूस त्यातून बाहेर आला. आणि त्या किनाऱ्यावर आमचा हक्क का, नदीतल्या त्या जागी मासे आम्हीच का धरायचे, हे नाव आमच्याच मुलाला का लावायचं, या सगळ्याचं उत्तर त्या कथेत आहे. तो मुखवटा नाचवण्याचा हक्क वारशाने येतो, लग्नातून सासऱ्याकडून जावयाकडे येतो. बाजारातून येत नाही.

आपल्या भाषेत सांगायचं तर हा सातबारा आहे. फक्त तो तलाठ्याच्या दप्तरात नसतो. तो वेळोवेळी सगळ्यांसमोर नाचून दाखवावा लागतो. नाव लागलं, लग्न झालं, कुणी वारलं की यजमान घराणं दूरदूरच्या गावांना बोलावतं, आपले मुखवटे, गाणी, नावं मांडतं, आणि आलेल्या प्रत्येकाला त्याच्या मानाप्रमाणे वस्तू देतं. याला पॉटलॅच म्हणतात. हे देणं म्हणजे आहेर किंवा दानधर्म असं समजू नका. पाहुणे साक्षीदार असतात आणि त्यांना साक्षीचा मोबदला मिळतो. त्यांनी पाहिलं, घेतलं, म्हणजे मान्य केलं. उद्या कुणी वाद काढला तर सांगायला ते आहेत. साक्षीदार नसतील तर मुखवटा कितीही सुंदर कोरलेला असो, तो काहीच सिद्ध करत नाही.

हिवाळ्यातल्या विधींत सगळ्यात मानाचा नाच हामात्सा. त्याच्या मुळाशी जगाच्या उत्तर टोकाला राहणारा एक नरभक्षक आहे, बाख्बाक्वालानुख्सिवे. नाव आम्ही एकदाच उच्चारतो. (हशा) घराण्यातला हक्कदार तरुण जंगलात नाहीसा होतो. परत येतो तो त्या भुकेने झपाटलेला असतो. अंगावर हेमलॉकच्या फांद्या, माणसांवर धावून जाणारा. मग त्या नरभक्षकाचे पक्षी आगीभोवती नाचतात. त्यांत एक कावळा, एक वाकड्या चोचीचा, आणि एक हूखूक, ज्याची चोच माणसाच्या हाताहून लांब, कवटी फोडून मेंदू खाणारी. गाण्यांनी, नाचांनी त्या तरुणाला हळूहळू आवरलं जातं. फांद्या जातात, लाल रंगवलेल्या सीडरच्या सालीचे वेष येतात, आणि तो पुन्हा माणसांत बसतो. भूक ही काय चीज आहे आणि तिला माणसाळवायला किती जणांची गरज लागते, हे इतक्या थेटपणे सांगणारं नाट्य आम्हाला दुसरं आठवत नाही. आणि ते कुठे होतं? जिथे यजमान आपल्याकडचं सगळं देऊन टाकायला बसलाय, तिथेच. खाऊन टाकणारा आणि वाटून टाकणारा एकाच घरात, एकाच रात्री.

आता पुस्तक. क्लॉद लेव्ही-स्त्रोस या फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञाचं ‘ला व्वा दे मास्क’, 1975 सालचं. फ्रेंचमध्ये ‘व्वा’ या उच्चाराचे दोन शब्द आहेत, वाट आणि आवाज. म्हणजे मुखवट्यांची वाट, आणि ऐकताना मुखवट्यांचा आवाजही. मुखवट्यांवर एवढं बुद्धिमान पुस्तक विरळा, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे आम्ही त्याच्याशी भांडणार आहोत.

लेव्ही-स्त्रोस यांना एक मुखवटा छळत होता. क्वाक्वाक्यवाक्वांच्या दक्षिणेला सेलिश लोक राहतात, त्यांचा स्वैह्वे. बाहेर आलेले नळकांड्यांसारखे डोळे, लोंबती जीभ, नाकाच्या जागी पक्ष्याचं डोकं, सोबत पांढरा पिसांचा वेष. हे असं का, ते त्यांना कळेना. त्यांचं उत्तर असं: एकट्या मुखवट्याकडे पाहून ते कधीच कळणार नाही. शब्दाचा अर्थ जसा शेजारच्या शब्दांमुळे ठरतो, तसा मुखवट्याचा अर्थ शेजारच्या लोकांच्या मुखवट्यांवरून ठरतो. मग ते उत्तरेला वळतात आणि झुनुक्वा शोधून काढतात. झुनुक्वा ही जंगलातली रानटी बाई. काळी, खोल गेलेले अर्धमिटले डोळे, ‘हू हू’ करताना चंबू झालेले लाल ओठ, पाठीवर टोपली, टोपलीत पळवलेली मुलं. झोपाळू इतकी की नाचताना उलट्या दिशेने जाते आणि मधेच डुलकी घेते. पण ती संपत्तीही देते. आता ताडून पाहा. एकाचे डोळे बाहेर, दुसरीचे आत. एकाची जीभ बाहेर, दुसरीचे ओठ मुडपलेले. एक पांढरा, एक काळी. आणि गंमत पुढे आहे. स्वैह्वेचं रूप क्वाक्वाक्यवाक्वांनी शेजाऱ्यांकडून घेतलं तेव्हा रूप तेच राहिलं, पण स्वभाव उलटला. सेलिशांकडे भरभराट आणणारा, इकडे कंजूष झाला. यातून ते नियम मांडतात: मुखवटा एका समाजातून दुसऱ्यात जाताना रूप टिकलं तर अर्थ उलटतो, अर्थ टिकला तर रूप उलटतं.

पहिल्यांदा वाचताना टाळी वाजवावीशी वाटते. ‘हा मुखवटा भीती दाखवतो, तो सुपीकता दाखवतो’ असल्या भाबड्या पाट्यांनंतर तर फारच. मुखवटा एकटा वाचता येत नाही, हे त्यांचं म्हणणं आम्हाला पूर्ण मान्य आहे. भांडण पुढचं आहे. त्यांच्या मांडणीत मुखवट्याचं नातं कुणाशी आहे? दुसऱ्या मुखवट्याशी, आणि कथांशी. हे नातं जोडायला मुखवटा कुणाच्या घराण्याचा, तो कुणी पाहायचा, कुणी पाहायचा नाही, हे विचारावंच लागत नाही. व्याकरण आहे, पण बोलणारा नाही. आणि श्रद्धा तर बोलणाऱ्याची असते ना? व्याकरणाची नसते.

एक साधी गोष्ट लक्षात आली असेल. इतका वेळ स्वैह्वेचं वर्णन चाललंय, पण पडद्यावर त्याचं चित्र आलेलं नाही. ते मुद्दाम. सेलिश लोकांची भूमिका अशी आहे की हा मुखवटा ज्याचा-त्याने, त्या-त्या प्रसंगीच पाहायचा. तो संग्रहालयात मांडू नये, त्याचे फोटो फिरवू नयेत. लेव्ही-स्त्रोस यांच्या पुस्तकात ते फोटो आहेत. 1975 मध्ये हा प्रश्न कुणी विचारला नसेल, तेव्हा आजच्या काठीने त्यांना मारण्यात अर्थ नाही. पण समीक्षक म्हणून एक नोंद करावीच लागते. त्या मुखवट्याबद्दल त्याच्या धन्यांची जी सगळ्यात पक्की श्रद्धा आहे, म्हणजे तो सगळ्यांनी बघायचा नसतो, ती फोटो छापल्याबरोबर पानावरून नाहीशी होते. उरतात डोळे, जीभ आणि पिसं.

आता जप्तीकडे येऊ. मुखवट्यांचं नातं कुणाशी असतं, हे पुस्तकापेक्षा तिथे जास्त स्पष्ट दिसतं.

कॅनडा सरकारने 1884 मध्ये कायदा करून पॉटलॅचवर बंदी घातली. 1 जानेवारी 1885 पासून ती लागू झाली. शिक्षा दोन ते सहा महिने तुरुंगवास. नरभक्षकाचे नाच मिशनऱ्यांना खुपत होतेच, पण खरा राग देण्यावर होता. माणसाने कमवावं, साठवावं, मुलाला ठेवावं. हे लोक वर्षानुवर्षं कमवतात आणि चार दिवसांत वाटून मोकळे होतात, यांना सुधारायचं कसं? साठवणारा तो सुधारलेला, ही सुद्धा एक श्रद्धाच म्हणायची, पण तिला कुणी संग्रहालयात ठेवत नाही.

बंदीनंतर पॉटलॅच थांबले नाहीत, लपले. अधिकारी पोचू शकणार नाहीत अशा आडगावात, वादळी हवेत होऊ लागले. डिसेंबर 1921 मध्ये व्हिलेज आयलंडवर डॅन क्रॅन्मर यांनी मोठा पॉटलॅच दिला, ऐन नाताळात. वाटलेल्या वस्तूंत मोटारबोटी होत्या, पूल खेळायची टेबलं, शिलाई मशीन, ग्रामोफोन, पिठाची पोती. बातमी फुटली. विल्यम हॅलिडे या सरकारी अधिकाऱ्याच्या हुकमतीत 45 जणांवर खटले भरले गेले. गुन्हे काय? भाषण करणं. नाचणं. वाटायच्या वस्तू मांडणं. त्या पाहुण्यांपर्यंत नेऊन देणं. वीस बायकापुरुषांना व्हँकुव्हरजवळच्या ओकाल्ला तुरुंगात पाठवलं, पहिला गुन्हा असेल तर दोन महिने, दुसरा असेल तर तीन.

आणि सोबत एक सौदा. गावातल्या सगळ्यांनी आपले मुखवटे, वेष, तांब्याचे मानाचे पत्रे सरकारजमा केले, तर दोषी ठरलेल्यांची शिक्षा स्थगित. म्हणजे बहीण तुरुंगात जाईल किंवा मुखवटा आगबोटीत. काही गावांनी दिले, काहींनी दिले नाहीत. मोबदला म्हणून जी रक्कम ठरवली ती मालकांना अपमानास्पद वाटली. जमा झालेला ऐवज ओटावाच्या राष्ट्रीय संग्रहालयाकडे गेला, टोरांटोला गेला. पेट्या रवाना व्हायच्या आधीच जॉर्ज हाय नावाच्या न्यूयॉर्कच्या संग्राहकाने त्यातल्या 35 वस्तू विकत घेतल्या. आणि काही वस्तू डंकन कॅम्पबेल स्कॉट या आदिवासी खात्याच्या प्रमुखाने स्वतःकडे ठेवल्या. हे स्कॉटसाहेब कॅनडाचे नावाजलेले कवी होते. हे सांगायची तशी गरज नव्हती, पण साहित्याच्या मंचावरून बोलतोय तर सांगून ठेवतो.

इथे पुस्तक आणि जप्ती एकमेकांच्या जवळून जातात. दुसऱ्या महायुद्धात लेव्ही-स्त्रोस न्यूयॉर्कला निर्वासित म्हणून होते. कवी आंद्रे ब्रेताँ, चित्रकार माक्स अर्न्स्ट हेही तिथेच. थर्ड ॲव्हेन्यूवर कार्लबाख नावाच्या व्यापाऱ्याचं दुकान होतं, आणि हाय यांच्या संग्रहालयाने गोदामातून काढलेल्या वस्तू तिथे विकायला येत. ही मंडळी पैसे जमवून ते मुखवटे घेत. खाताना शब्द जपून वापरायला हवेत तसे इथेही वापरतो: त्यांनी घेतलेला अमुक मुखवटा जप्तीतलाच होता, असा आमचा दावा नाही. त्यांनी प्रेमाने घेतले, यातही शंका नाही. 1943 मध्ये लेव्ही-स्त्रोस यांनी या कलेवर लेख लिहिला. या वस्तू लवकरच मानववंशशास्त्राच्या दालनातून उठून कलासंग्रहालयात, इजिप्त-इराणच्या शेजारी बसतील, असं भाकीत त्यात आहे. भाकीत खरं ठरलं. हा मोठा मान होता. पण तारीख पाहा. 1943 मध्ये पॉटलॅच हा अजून गुन्हा होता. मुखवट्याला मान आणि तो नाचवणाऱ्याला तुरुंग, अशी ती वाटणी होती.

बंदी कायद्यातून गळाली 1951 मध्ये. 1953 च्या डिसेंबरात मुंगो मार्टिन या वयोवृद्ध कोरीवकामगाराने व्हिक्टोरिया शहरात उघडपणे पॉटलॅच दिला. आणि इथे एक खरा प्रश्न उभा राहतो. आमच्या आधीच्या सगळ्या बोलण्याला तो आडवा जातो. मार्टिन आणि त्यांच्यासारखे कारागीर नवे मुखवटे कोरू शकत होते, कोरतही होते. हक्क घराण्याचा असतो, लाकडाचा नाही. जुना मुखवटा फुटला, कुजला तर दुसरा करायचा. तोही तितकाच खरा. गौरीचा मुखवटा तडकला म्हणून गौरी यायच्या थांबत नाहीत. मग जप्त झालेलं ते जुनं लाकूड परत मिळवायला हे लोक पन्नास-साठ वर्षं का झगडले? सरकार म्हणू शकलं असतं, नवे करून घ्या.

ओटावाच्या संग्रहालयाने अखेर परत द्यायचं कबूल केलं ते एका अटीवर: आधी वस्तू ठेवायला संग्रहालय बांधा. अट मजेशीर आहे. ज्यांच्याकडून घेतलं त्यांनी ते नीट सांभाळायची हमी द्यायची! तरी दोन संग्रहालयं उभी राहिली, केप मज इथे 1979 मध्ये आणि अलर्ट बे इथे 1980 मध्ये. अलर्ट बेच्या संस्थेचं नाव त्यांनी ठेवलं ऊमिस्ता. जुन्या काळी लढायांत माणसं पळवून नेली जात, गुलाम केली जात. त्यांतलं कुणी खंडणी देऊन किंवा प्रतिहल्ला करून परत आणलं गेलं, की त्याला ऊमिस्ता लाभली असं म्हणत.

हा शब्द आमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. त्या लाकडात देव कोंडलाय, असं त्यांचं म्हणणंच नव्हतं. ते कैदी होते. माणसाच्या सुटकेच्या बदल्यात ओलीस दिलेले. कैदी परत आणायचा असतो. तुमच्याकडे दुसरी मुलं आहेत ना, असं आईला सांगून भागत नाही. आणि ‘मुखवट्यातून श्रद्धा व्यक्त होते’ या वाक्यात ही श्रद्धा बसतच नाही, कारण ती मुखवटा कोरल्यानंतर, जप्तीमुळे, त्याला चिकटलेली आहे. डोळे आत की बाहेर, हे पाहून ती वाचता येणार नाही.

ऊमिस्तात मांडणी करताना दोन गोष्टी ठरल्या. परत आलेले मुखवटे काचेच्या पेटीत ठेवायचे नाहीत. बंदिवास पुरे झाला. आणि त्यांचा क्रम काळाप्रमाणे किंवा शैलीप्रमाणे नको, पॉटलॅचमध्ये ते ज्या क्रमाने येतात तसा हवा. त्यामुळे पाहणारा आपसूक पाहुण्याच्या जागी जातो. इमारतीच्या शेजारीच सेंट मायकल्स ही निवासी शाळा होती, जिथे या घराण्यांच्या मुलांना क्वाक्वाला बोलायला बंदी होती. ती 2015 मध्ये पाडली.

सगळे अजून परतलेले नाहीत. टोरांटोने 1988 मध्ये आपल्याकडचे दिले. ब्रेताँ यांच्या संग्रहातला एक कपाळावर बांधायचा शिरोभूषणाचा नग त्यांच्या मुलीने, ओब एलुएट यांनी, 2003 मध्ये स्वतः होऊन परत केला. लंडनच्या ब्रिटिश म्युझियमकडे जप्तीतला एक उघडणारा मुखवटा आहे. तो 2005 पासून अलर्ट बेला आहे, पण दीर्घ मुदतीच्या उसनवारीवर. मालकी लंडनची. म्हणजे घरी आलाय, पण पॅरोलवर.

तुमचे प्रश्न घेऊ या. मागून एक हात वर आहे, बोला.